पीळ

ट्रक नाक खाली घालून उभा आहे,
अंगणात काहीतरी सांडलंय आणि तो शोधतोय, असा.
सत्त्याण्णवचा शेवरले, दारांच्या कडा गंजून जाळी झालेल्या,
पुढे बर्फ ढकलायचं पिवळं पातं, साडेसातशे पौंडांचं.
खड्डा आला की खालचा रबरी ठोकळा लोखंडावर आपटतो
आणि बाबांचे दात वाजतात. उरलेले.

"शॉक बदल," बाबा म्हणतात.
उपड्या बादलीवर बसलेत, गुडघे हल्ली वाकत नाहीत,
बॅटरी माझ्यावर धरलीय,
म्हणजे जिथे बघायचंय ती जागा सोडून सगळीकडे.
शॉक ओझं उचलत नाही, मी गाडीखालून ओरडते,
तो फक्त थरथर आवरतो.
"मग स्प्रिंग कुठंय?"
ही काय. सरळ सळई दिसते म्हणून फसू नका.
एक टोक चाकाच्या हातात, दुसरं चौकटीत अडकलेलं,
चाक वर गेलं की ही स्वतःला पिळून घेते,
उलगडताना गाडी उचलून परत देते.
वेटोळं नाही, पाटा नाही. नुसता पीळ.

सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही, म्हणतात.
म्हणणाऱ्यानं सुंभ पाहिला असेल.
पोलादाचा पीळ जळत नाही हे खरं;
तो थकतो.

चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या ओठापर्यंत टेप धरला.
उजवीकडे सव्वाएकोणीस इंच,
डावीकडे अठरालाही कमी.
टायरमधली हवा बघितली. अंगणच तिरकं असेल म्हणून
ट्रक फिरवून उलट्या तोंडानं लावला.
डावीकडे अठरालाही कमी.

डावीकडे स्टिअरिंग. डावीकडे आर्वो कारवोनेन,
दोनशे चाळीस पौंड, शिवाय थर्मास,
पहाटे तीनला उठून साऱ्या रस्त्याची फाटकं मोकळी करणारे.
उजव्या सीटवर आईचे लोकरी हातमोजे,
एकावर एक ठेवलेले,
दोन हजार चारपासून.
मी टेप गुंडाळला. काही बोलले नाही.

बोल्ट आवळून उंची मिळेल, बाबा, ताकद नाही मिळणार.
म्हणून भंगारवाल्या यालोकडून जाड सळया आणल्यात,
एका मोठ्या ट्रकच्या, साठ डॉलरला जोडी,
टोकावर डावी-उजवी कोरलेली.
डावी उजवीकडे घालायची नाही.
तिला एकाच बाजूला वळायची सवय लावलेली असते,
उलटी वळवली की तुटते.
"हे कुठल्या पुस्तकात?"
सळईच्या टोकावर, बाबा. बॅटरी इकडे धरा.

रात्रभर तेल पाजलेला बोल्ट सकाळीही हटून बसला.
पान्याला चार फुटी पाइप जोडला, पाय भिंतीला लावला,
तेव्हा तो असा किंचाळला
की सॉनाच्या छपरावरचे कावळे सुपीरियरपर्यंत उडाले.
खडूनं खुणा केल्या, फेरे मोजत गेले.
मधेच बाबा आजीच्या फिनिशमध्ये मोजायला लागले,
त्यांचा आणि माझा आकडा जुळेना.
पुन्हा पहिल्यापासून.

जॅक काढला. ट्रकनं मान वर केली,
पूर्ण नाही, झोपमोड झालेल्या माणसाइतकी.
आता चालवल्याशिवाय सळया जागेवर बसणार नाहीत.
बाबांनी हातमोजे उचलले, डॅशबोर्डवर ठेवले,
माझ्याकडे न बघता म्हणाले, "बस."

तळ्यापर्यंत गेलो, आलो.
लाकडी पुलावर ठोकळा आपटला नाही.
बाबांचा जबडा मात्र सवयीनं आवळलेलाच.
मोजलं: दोन्हीकडे वीस, डावीकडे दोरा-दोन दोरे कमी.
एवढं चालतं. चाकांची दिशा सोमवारी गॅरेजात बघून घेऊ.

अंधार पडला, दिवे लावले,
आणि उजेड रस्ता सोडून थेट वर:
पाइनचे शेंडे, तार, हेल्मी सारीची माडी.
तिचा पडदा हलला.
दिव्यांचा स्क्रू सैल करते, मी म्हटलं, दोन मिनिटांचं काम.
बाबा इंजिन चालू ठेवून बसलेले.
"राहू दे," म्हणाले, "आजच्या दिवस."