अक्षरामागे पन्नास

जरीपटक्याच्या रस्त्याला माझं शेड.
काळा ग्रॅनाइट, पांढरा मार्बल, अक्षरामागे पन्नास.
मेलेला माणूस घासाघीस करत नाही,
भाचे करतात.

डेन्झिल आला अजनीहून, स्कूटर चालूच ठेवून.
"पेगी लिहा. सगळे पेगीच म्हणायचे."
इंग्रजी पाच अक्षरं, अडीचशे.
पण दाखल्यावर मार्गारेट. आठ. चारशे.
तो दाखल्याकडे बघत राहिला,
जणू कुणी तिसरीच बाई वारली होती.

मला ठाऊक होतं. सातवीत मिसनंच सांगितलेलं :
मार्गारेटची मेग, मेगची पेग, पेगची पेगी.
"पुरुषोत्तमचा पुरू झाला की नाही तुझा?"

मग फळ्यावर तिनं रूळ आखले.
नाव गाडीसारखं असतं म्हणाली, जंक्शनला इंजिन बदलतं.
जर्मनीत ग्रेटा, हंगेरीत मार्गिट,
फ्रान्सात मार्गरीत, तिथं ती माळावरचं फूलही झाली.
पोलंडचं माउगोझाता
वर्गात कुणाच्याच जिभेवर थांबलं नाही.
मागं मागं जात ग्रीस : मार्गारितेस, मोती.

"पण सुटली कुठून, मिस?"

खडू उजवीकडे सरकला.
ग्रीकांनीही उसनंच आणलेलं, बहुधा इराणकडून,
तिकडं मोत्याला मुर्वारीद म्हणतात.
आणखी उजवीकडे... कुणी म्हणतं, आपली मंजरी.
कुणी म्हणतं, छे.
"नक्की माहीत नाही," मिस म्हणाली. फळाही संपला होता.

"मंग तुम्ही इथल्याच ना, मिस!" वानखेड्याचा गुणवंत ओरडला.
सगळे हसले. ती नाही.
खिडकीबाहेर मालगाडी चालली होती,
चार दिशांचे रूळ एकमेकांना कापतात तिकडं.
डागा हॉस्पिटलात जन्मलेल्या बाईला
उभ्या नागपूरनं एकच विचारलं आयुष्यभर :
परत कधी जाणार?

"मराठीत लिहू," मी म्हणालो.
"वाचणार कोण?"
तीच वाचायची रे. माझ्या पाटीवरचा
'मूर्ती'तला चुकलेला उकार
रस्त्यात रिक्षा थांबवून तिनं दुरुस्त करायला लावला होता.

मा. र्गा. रे. ट.
चारच भरतात. दोनशे झाले.
डेन्झिलनं स्कूटर बंद केली.
"आणि वरचं ते?"

रफाराचे मी घेत नाही.