सांधणी

अशोक चौकामागच्या चौथ्या गल्लीत
बारा माग तीन दिवस बंद होते.
संचारबंदीत शहराला स्वतःचा श्वास ऐकू येतो,
आणि तो काही बरा नसतो.

सात नंबरवर बीम अर्धाच सांधलेला.
चोवीसशे धाग्यांपैकी अकराशे.
बाकीचे लोंबत होते,
पहिला दगड पडला तेव्हा
दस्तगीर मोमीनचं बोट जिथे थांबलं
तिथपासून पुढे.

चौथ्या दिवशी चार ते सहा सूट मिळाली.
लोक दुधाला पळाले, विडीच्या पानाला, दवाखान्यात.
दस्तगीर आमच्याकडे आला.
भाच्याचा गाडा जळाला होता, पेरूंसकट.
त्याच्या डोळ्यांत ते सगळं होतं अजून.
शांततेसाठी वगैरे नव्हता आला तो.
शेकड्यावर मजुरी ठरलेली, काम अर्धं राहिलेलं.
आई म्हणाली, "आज कशाला आलास रे?"
तो म्हणाला, "राजव्वा, राख कुठंय?"

मी तिचा शिकलेला मुलगा.
आदल्याच रात्री म्हणालो होतो,
माणसाची जातच अशी, या गावाचं काही होत नाही.
वीज नव्हती.
तिनं मला बॅटरी धरायला बसवलं.

राखेत बोट. जुना धागा, नवा धागा,
अंगठ्याखाली पीळ.
गाठ मारायची नाही, गाठ फणीत अडकते.
पीळ द्यायचा, ओढला तर सुटू नये इतकाच.

सहा वाजता पोलिसांची गाडी ओरडत गेली.
तो उठला नाही.
आई उठली, शटर आतून ओढून आली.
कडक भाकरी चटणीत कुस्करून
तिनंच त्याला घास दिले,
बोटांची राख मोडू नये म्हणून.
सतराशे. सतराशे चाळीस.
पुढे कुठेतरी बॅटरी मंदावली,
माझं मोजणं चुकलं.
त्याचं नाही.

पहाटे वीज आली. माग हलवला.
दोन सांधे फणीत तुटले.
शिवी हासडून तो पुन्हा खाली बसला.

सांध्यांचा वीतभर पट्टा विकत नाहीत,
चादरीतून कापून टाकतात.
तो माझ्याकडे आहे. चष्मा पुसतो मी त्यानं.

धागे तुटायचे थांबतील असं
मला अजूनही वाटत नाही.
बीम तर संपतोच.
सात नंबरचा पुढच्याच महिन्यात संपला.
आईनं राख चाळून ठेवली होती.