गिरणीवरचा डबा

डबा म्हणजे केवढा,
पायलीभर तूर मावेल एवढा.
कंपनीचा पोट्टा आला, धनेश नाव,
गिरणीच्या भिंतीला चार भोकं पाडली,
जुनं पीठ उडून त्याच्या पापण्यांवर बसलं.
म्हणाला, मावशी, तुमच्या मीटरवरून वायर घेतो,
कंपनी महिन्याला पैसे देईल.
किती, ते त्यालाही माहीत नव्हतं.

मी म्हटलं, टॉवरच काहून नाही बांधत बाप्पा, उंच?
म्हणाला, टॉवर आहे ना मारेगावकडं,
पण मधात टेकडी.
तो लांबून ओरडते, टेकडी ऐकू देत नाही.
हा डबा ओरडत नाही,
जवळ बसून बोलते.
दोनशे पावलं. लय झालं तर अडीचशे.

दळण संपल्यावर मी पावलं मोजली.
शाळेच्या हापशीपाशी चार कांड्या,
गुलाब कुळमेथ्याच्या कोठ्यापाशी दोन,
नाल्यावर एक, तीही येऊन-जाऊन.
नाला ओलांडला की काही नाही.
पलीकडच्या पोडावरचे लोक अजून
मोहाखालच्या दगडावर चढतात.

त्या दगडावर आम्हीही चढायचो.
रेशनवाला मशीन घेऊन तिथंच बसायचा,
अंगठ्यांची रांग उन्हात.
भगोराव जावयाशी भांडला तो तिथूनच,
शिव्या गावाला पाठ झाल्या.
आशाताई रात्री दीडला टॉर्च घेऊन चढली होती
गाडी बोलवायला,
गुडघ्यावरची खूण अजून दाखवते.

आता ज्याचं बोलणं त्याच्या घरात.
भगोराव मात्र अजून ओरडतो, हॅलोऽऽ,
नात म्हणते, आबा, कमी ओरडा, रेंज आली.
लाइन गेली की बॅटरी दोन तास,
मग माझ्या दारावर थाप,
रत्नामाय, डबा मेला काय वं?
जणू मीच फुंकर घालून विझवला.

मीही लावला एकदा, रात्री.
बेबीला, पुलगावला. धाकटी माझी.
आठ वर्षं आम्ही तुकड्यांनी बोललो,
बरी आ... पोरं शा... ऐकू ये...
जिथं गळालं तिथं मी माझ्या मनाचं भरत गेले,
चांगलंच भरलं.
त्या रात्री तिचा पंखा ऐकू आला,
करकरणारा. ताटावर वाटी ठेवल्याचा आवाज.
खोकला, जो तिनं कधी सांगितला नव्हता.

मी विचारलं, दिवाळीला येतेस?

ती बोलली नाही.
सवयीनं मी फोन कानापासून काढून पाहिला,
चारही कांड्या भरलेल्या.
हॅलो म्हणायला तोंड उघडलं अन् मिटलं.
ऐकू येत होतं तिला.
पंखा तिकडं फिरत होता,
एकदा करकरला, दोनदा,
मग किती वेळा ते मोजलं नाही.

शेवटी म्हणाली,
ताई, पीठ अजून तसंच गरम असते का वं,
जात्यातून निघाल्याबरोबर?
मी म्हटलं, असते.
म्हणाली, हो का.
अन् फोन तिनं ठेवला.
तुटला नाही. ठेवला.

सकाळी पोडावरून लेतू आत्राम आला,
ज्वारीचं गाठोडं खाली ठेवलं,
डब्याकडं बराच वेळ मान वर करून पाहत राहिला.
लहानसा हिरवा दिवा, मिचमिच.
भोकं पाडणारा पोट्टा आला परत, त म्हणाला,
त्याले सांगजा,
आमच्याकडंही भिंत आहे.