धरमकाटा

वणी रोडच्या जिनिंगवर मी काट्याचा बाबू.
भरली गाडी, वजा रिकामी गाडी, उरला तो कापूस.
ओलावा निघाला तर तेवढा कापून.
दिवसाला दीडशे पावत्या,
खुर्चीवरून न उठता.

खुर्चीनं माझ्यातही माल भरला.
सत्त्याऐंशी, डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
आणि काही कापून दिलं नाही.

खता-बियाण्याच्या दुकानावर जिम आहे.
तिथल्या निखिलेश बोंदरेनं डबा दिला,
काळा, बादलीएवढा, छत्तीसशेचा,
अंगावर वाघ.
"काका, यानं भूक मरते, चरबी जळते."
खाली दुकानात फवारणीच्या डब्यांवरही
मारण्या-जाळण्याचंच लिहिलेलं असतं.

गाड्या खाली करणारा उद्धव मेश्राम
माझी बाटली हलवणं बघत राहिला.
"बाबू, खाऊन वजन कमी होते म्हंता?
हे गणित मले कोणी शिकवलं नाई."
त्याच्या डब्यात ज्वारीची भाकर,
लाखोळीच्या डाळीचं वरण, एक कांदा.
त्याला पोट नाही.

मी दोन्ही घेत होतो.
जेवण, आणि जेवणावर दुधात दोन चमचे,
खडूची चव जावी म्हणून वर केळं.
दोन महिन्यांनी अठ्ठ्याऐंशी.
"ओलावा असन," उद्धव म्हणाला,
"कापून घ्या."

तेव्हा कुठं डोक्यात आलं:
भरल्या गाडीवर मी रोज एक गोणी टाकतो
आणि तिला म्हणतो, हलकी हो.

मग सकाळची तर्री-पोह्याची प्लेट बंद.
तिच्या जागी डबा, नुसत्या पाण्यात.
दहा दिवस जिभेनं माझ्याशी अबोला धरला.
पण अकरापर्यंत भूक आठवत नव्हती, हे खरं.
दिवाळी ते संक्रांत, चार किलो.

डब्यानं, की तर्रीच्या नसण्यानं?
प्रणिता म्हणते, तर्रीच्या.
निखिलेश म्हणतो, डब्यानं, दुसरा देऊ का?
काटा आकडा सांगतो,
कारण त्याला कोणी विचारलेलंच नाही.

डबा संपला. प्रणितानं धुऊन
त्यात लाखोळी भरली.
वाघ आहे तसाच आहे.

काल शेवटची गाडी गेल्यावर
कुत्र्याला हाकललं, चपला काढल्या,
आणि एकटाच काट्याच्या मधोमध उभा राहिलो.
ट्रकांचा काटा तो,
दहा किलोच्या आतलं त्याला दिसत नाही.
दिवाळीत नव्वद दाखवायचा.
काल लाल दिव्यात ऐंशी.
मधलं सगळं त्यानं गिळलं.

पावती काढावी म्हणून आत धावलो.
मशीन गाडी नंबर मागत होतं.