किल्ली

ऊनाहून आलेली बस खाडीच्या पुलावर चढली तेव्हा
ओहोटी होती. होड्या चिखलात कुशीवर निजलेल्या.
दीवच्या झांपा दरवाजातून आत शिरताना
माझ्या चपलेचा अंगठा तुटला.
वेशीवरचे दगडी सिंह बघत
मी एका पायावर उभी.

किल्ला सहाला बंद होतो. पावणेपाच झालेले.
समोरच्या ओट्यावरून हाक आली, 'आवो, बेसो,'
आणि एका म्हातारीने पदराची पिन काढून
माझ्या चपलेला टोचली.
रंभाबेन वाजा. घराणं विणकरांचं.
माग मात्र आजोबांनीच
मोझांबिकच्या आगबोटीवर चढताना विकून टाकला.

म्हटलं, किल्ला बघायचाय.
म्हणाली, तो कुठे पळतोय?
आज शुक्रवार. आधी नळ सोडायचेत.

कमरेचा जुडगा काढून गल्लीच्या तोंडाशी
ती मोजू लागली, आणि आकडे
ना तिच्या गुजरातीतले, ना माझ्या ओळखीचे:
उं, दोयश, त्रेश, क्वात्रु...
सात वर्षांची होते, म्हणाली. डिसेंबरात विमानं आली.
नाताळच्या सुट्टीआधीच शाळा सुटली
आणि पुन्हा भरली तेव्हा फळ्यावर दुसरीच अक्षरं.
मोजायला तेवढी ही भाषा राहिली.

पहिलं घर लिस्बनला असतं.
म्हणजे माणसं तिथे; इथे फरशी, झोपाळा,
बाराला वीस कमी असताना थांबलेलं घड्याळ.
नळ आधी खोकतो, मग तांबडं ओकतो.
पाणी निवळेपर्यंत ती बादलीशेजारी उभी,
दूध उतू जाऊ नये म्हणून उभं राहावं तशी.
दुसरं घर लेस्टरला. तिसरंही.
चौथ्यात पलंगावर इस्त्रीची चादर,
तिच्यावर पालीची लेंडी. तिने ती फुंकरीने उडवली,
चादर मात्र पुन्हा झटकली, दोन टोकं माझ्या हातात देऊन.
पाचव्या घराचा मालक मापुतोला वारला, तीन वर्षं झाली.
'मला कुणी थांब म्हटलं नाही,'
असं म्हणत तिने तिथलाही नळ सोडला.

उतरताना मी तिला सांगितलं,
आमच्या भाषेत किल्ल्याची लेक ती किल्ली.
हसली. आम्ही चावी म्हणतो.
आम्हीही म्हणतो की!
मग तो त्यांचाच शब्द, म्हणाली,
आमचे मास्तर 'शाव' म्हणायचे.
गेले तेव्हा तोफा ठेवून गेले, देवळं ठेवून गेले,
आणि हा. हा तर तुमच्याकडेही पोचला!

सहावं घर तिचं स्वतःचं. सातवी चावी कसली,
ते तिने आपणहून सांगितलं नाही.
मी विचारल्यावर भिंतीतलं कपाट उघडलं.
आत एक प्लास्टिकची पिशवी,
पिशवीत पिशवी, तिच्यात घडीवर झिजलेला कागद:
त्यांच्या राज्यात, त्यांच्या शिक्क्यानिशी
नोंदलेला तिचा जन्म.
ह्याच्या नकलेवर किरीट गेला. मग सून.
मग दोन्ही मुली, जावई, नातवंडं.
अकरा जणं, बेन.
आणि तुम्ही?
ती कपाटाला कुलूप लावत होती,
वर हात पोचायला टाचा उचलून.
'शुक्रवारी नळ कोण सोडेल?'

किल्ल्याशी पोचलो तेव्हा सहा वाजून दहा मिनिटं.
पहारेकरी अडसर सरकवत होता.
त्याने रंभाबेनला ओळखलं, मला नाही,
आणि दोघींनाही उद्या या म्हणाला.
गजांतून दिसल्या तेवढ्या तोफा:
तोंडं समुद्राकडे, पाठी गावाकडे.
एकीच्या तोंडात कबुतराने काड्या जमवलेल्या.
तू अजून आत गेलीच नाहीस? मी विचारलं.
गेले होते एकदा, लहानपणी, म्हणाली. ऊन फार होतं.

उद्या पहाटेची माझी बस.
भरती आली तेव्हा पुलाखाली होड्या उठून उभ्या होत्या.
ऊनाला उतरताना पायाला टोचलं:
तिची पिन,
अजून माझ्याच चपलेत.