सभेची वेळ

रविवार, साडेदहा. केरीच्या पंचायतीत
एकशे बारा सह्या, चार अंगठे.
मी इतिवृत्त लिहिते. माझं काम एवढंच.

विषय क्रमांक सहा: किनाऱ्यावर वाळू भरणे.

खात्याचा अभियंता पडद्यावर काठी टेकवतो.
ही निळी रेघ वीस वर्षांपूर्वीची, ही लाल आत्ताची.
दोन रेघांच्या मधे
बाबा पावसाळ्यात होडी पालथी घालून ठेवायचे.
ते इतिवृत्तात येत नाही.

शॅकवाला ऑर्लांदो म्हणतो, घाला, पण ऑक्टोबरच्या आत घाला.
गेल्या मोसमात भरतीचं पाणी टेबलांखालून गेलं.
गिऱ्हाइकं पाय वर घेऊन हसत होती.
मी बिल फाडत होतो.

वरच्या वाड्यावरचा गुणाजी:
आमच्या नळाला पाणी नाही तीन महिने,
आणि तुम्ही समुद्राला वाळू देताय?

भिंत बांधा, कोणीतरी मागून.
बांधली होती की. चिऱ्यांची.
आता तिच्यावर कालवं धरलीत,
आणि ती संपते तिथून पुढे
समुद्र दुप्पट भुकेला. पुढे तुळाजीचं घर होतं.
तुळाजी सभेला आलेला नाही. तो म्हापशाला भाड्याने राहतो.

इनास म्हातारा बसूनच बोलतो.
दर्याने नेलं, दर्याच आणून टाकील.
माझ्या बापाने तीनदा पाहिलं.
आणि तू?
इनास गुडघा खाजवतो.

मग शेवंती. खाडीच्या तोंडाशी तिसऱ्या काढते,
नखांत अजून चिखल.
वाळू आणणार कुठून, तेवढं सांगा.
काठी सरकते, नकाशावर एक ठिपका.
तिथं? तिथं माझ्या तिसऱ्या आहेत.
माझ्या ताटातलं उपसून
ऑर्लांदोच्या अंगणात शिंपडणार तुम्ही.
सभागृहात गलका.
मी लिहिते: सदस्यांनी शंका उपस्थित केली.

आणि घातलेली टिकणार किती?
पाचेक वर्षं, अभियंता म्हणतो. मग पुन्हा घालायची.
जरा वेळ फक्त पंखा बोलतो.
म्हणजे शाकारणीच की, कोणीतरी म्हणतं,
दर पावसाआधी छप्पर शाकारायचो तशी.
शेवंती खाली बसता बसता:
शाकारायला घर आपलं लागतं.

ठराव मताला टाकला.
सगळ्यांत आधी हात वर केला बाबल्याने,
ज्याचे ट्रक रात्री दिवे न लावता
वाळू भरून जायचे. सगळ्यांना माहीत.
सगळ्यांनी समोर पाहिलं.

मंजूर. एकसष्ट विरुद्ध अठ्ठेचाळीस. बाकीचे चहाला गेले होते.

पहिल्यांदा पाहणीला आला तेव्हा
अभियंत्याने बाबांना विचारलं होतं, काका, वेळ किती?
घड्याळ विसरला होता बिचारा.
आमच्या बोलीत वेळ म्हणजे किनारा.
बाबांनी सुरूच्या झाडाकडे पाहिलं, मग पाण्याकडे,
आणि सांगितलं,
एकतीस पावलं.

छापील नमुन्यात शेवटचा रकाना:
सभा संपल्याची वेळ.
तो कोरा ठेवून मी दफ्तर मिटलं, खाली उतरले,
चपला सुरूच्या बुंध्याशी काढल्या
आणि बाबांच्या मापाची पावलं टाकत निघाले.

सव्विसाव्याला घोटा भिजला.

भरती होती, म्हणा.