भराव

एम.ए.चा चौथा पेपर कुणालाच नको होता,
म्हणून माझ्याकडे आला.
प्राचीन मध्य अमेरिका. सोमवार, गुरुवार, दुपारी दोन.
वाडीच्या नाक्यापर्यंतची माती
मी बोटांनी ओळखते;
मेक्सिको मला पासवर्ड टाकल्यावरच दिसतो.

एप्रिल. कुलर नुसताच घरघरतो.
भिंतीवर ताबास्कोचं चित्र,
विमानातून लेझर सोडून काढलेलं,
झाडं सोललेली, गवत सोललेलं,
आणि खाली एक ओटा.
चौदाशे मीटर लांब.
अंदाज यावा म्हणून सांगते:
व्हरायटी चौकातून निघा, झाशी राणी ओलांडा,
घाम फुटेस्तोवर चालत राहा,
ओटा संपलेला नाही.

इतका रुंद, की दिसतच नव्हता.
वर गुरं चरायची.
गुराख्याला जरासा चढ लागायचा, बस्स.
आपण गाडीचा गिअर उतरवतो
आणि विसरतो, तेवढाच.

तीन हजार वर्षं झाली.
मका नुकता भरवशाचा होत होता,
माणसं अजून मुक्काम हलवायची,
कायमचं दार फारसं कुणी बसवलं नव्हतं,
आणि त्यांनी आधी हे रचलं.
टोपल्यांनी. गाडी नाही, बैल नाही.
राजाचा चेहरा एकाही दगडावर नाही.

"मग मॅम, करा म्हणून सांगितलं कुणी?"
मृण्मयी डोंगरवार, शेवटचा बाक.
चांगला प्रश्न आहे, मी म्हणते.
उत्तर नसलेल्या प्रश्नाला
आमच्या खात्यात असंच म्हणतात.

शनिवारी हिंगण्याच्या पलीकडे, खड्ड्यात.
शिळावर्तुळाचा चौथा हिस्सा उघडलाय.
उरकुडा कुमरे करणी चालवतो,
आधीची दोन गेली म्हणून आईनं
उकिरड्यावर ठेवून परत उचललेला उरकुडा,
ढिगाऱ्याकडून मागून घेतलेला माणूस.
करणी थांबते.
"हे माती इथची नाही जी.
हे काळी नाल्याची व्हय.
अन् हे पिवळी, हे त टेकडीकडची."
तो चिमूट जिभेवर ठेवतो, थुंकतो,
माझ्या प्रयोगशाळेचा अहवाल
तीन महिन्यांनी तेच म्हणेल.

जेवणाच्या सुट्टीत, पळसाखाली,
मी त्याला तो ओटा सांगते.
भरावात मातीचे चौकोन आहेत म्हणून,
तांबडे, काळे, पिवळे, पटासारखे;
प्रत्येक वस्तीनं आपापली माती आणली असेल
असं तिकडचे लोक म्हणतात.
तो कांदा फोडतो.
"राजा नोता?"
सापडला नाही.
"मंग हजेरी कोन मांडे?"
मला हसू येतं, त्याला येत नाही.
बावीस वर्षं तो हजेरीवर आहे.

भाकरीचा अर्धा तुकडा संपल्यावर,
जणू दुसऱ्याच कुणाला:
"आमच्याकडं समाजमंदिराचा पाया भरला,
तवा म्या एक टोपलं माह्या वावराचं टाकलं.
कोनी मांगतलं नोतं."
का टाकलं, मी विचारते.
"आता काय सांगू जी."
आणि पाणी पितो.

वहीत लिहायचं असतं ते लिहिलं:
थर तीन. मिश्र भराव. उगम अज्ञात.
'अज्ञात'वर पेन थोडं रेंगाळलं.
मग उतरले, त्याचं भरलेलं टोपलं उचललं.
इतकी वर्षं मी टोपली मोजलीत,
घनमीटर काढलेत, मजूर-दिवसांनी भागलेत,
वजन माहीत नव्हतं.
दहा पावलांत मान दुखली.
अकराव्या पावलाला मी कशाचाच विचार करत नव्हते.

खड्ड्याशेजारी आमचाही ढीग वाढलाय.
उलटा. तळाशी कालचं शेत,
माथ्यावर सर्वांत जुनी माती,
काळी, मग पिवळी,
जशी जिथून निघाली तशी.
संध्याकाळी कुणाची तरी शेळी त्यावर चढली,
माथ्यावर क्षणभर थांबली,
आणि पलीकडे उतरून
चरायला लागली.